खारफुटी साफ केल्याने डेंग्यू जात नाही, बाबा

गेल्या आठवड्यात माझ्या वडिलांनी सोसायटीच्या एका पत्रावर सही केली. पत्र महापालिकेला जायचं आहे. मागणी अशी की, चारकोपला आमच्या इमारतीमागे जी खारफुटी आहे ती साफ करून मिळावी, कारण तिच्यामुळे डेंग्यू होतो. हे कोणी सांगितलं असं विचारल्यावर बाबांनी मोबाइल पुढे केला. "मुंबईकरांनो, डोळे उघडा" असा लांबलचक मेसेज. त्याच दिवशी तो मला मावशीकडून आला, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर. तुमच्याकडेही आला असेल.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. खारफुटी म्हणजे डासांचं घर, डेंग्यू-मलेरिया तिथूनच येतो. तीच पाणी अडवते म्हणून मुंबई तुंबते. तोडली तर काय बिघडलं, एकाच्या बदल्यात दुसरीकडे दहा झाडं लावता येतात. पर्यावरणाचे कायदे परदेशातून आलेत आणि ते एकही प्रकल्प होऊ देत नाहीत. "शाश्वत विकास" हा विकास थांबवायचा गोड शब्द आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: आधी माणूस, मग झाड.

बाबांना मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स उतरल्या, आठ दिवस हॉस्पिटलात काढले. रात्री त्यांच्या उशाशी मी बसले होते. त्यामुळे डेंग्यूच्या नावावर त्यांना कोणी काहीही विकावं, हे मला सहन होत नाही.

डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढत नाही. त्याला माणसाचं घर लागतं. स्वच्छ, साचलेलं, गोडं पाणी लागतं: कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर पडलेला टायर, झाकण नसलेला पिंप. मादी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी घालते. पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून भांडं नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्साय हाही विहिरी, इमारतींच्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यातलाच. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक शिडी घेऊन आपल्या टाक्या बघायला येतात, ते याचसाठी.

आमच्याकडेही आले होते, बाबा हॉस्पिटलात असताना. हॉलमध्ये मनीप्लांटची काचेची बाटली आहे, आईच्या हातची. त्या माणसाने ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. मुळांच्या मधून केसाएवढ्या अळ्या वळवळत वर यायच्या, खाली जायच्या. बाटली बाबांच्या खुर्चीपासून चार हातांवर होती. बाबांनी ती पाहिली नाही, पण मी त्यांना सांगितलं होतं, एकदा नाही, तीनदा. तरी मेसेज आला आणि दोष खाडीवर गेला, कारण खाडीकडे बोट दाखवणं आईच्या बाटलीकडे बोट दाखवण्यापेक्षा सोपं आहे. हे मी समजू शकते. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला मात्र माफ करू शकत नाही, कारण तो वाचून लोक खारफुटीविरुद्ध अर्ज करतील आणि घरातला पिंप तसाच उघडा ठेवतील. यात माणसं मरू शकतात.

आता त्यात जेवढं खरं आहे तेवढं कबूल करते. साचलेल्या खाऱ्या पाण्यात वाढणारे डास असतात, चावतात, संध्याकाळी बाल्कनीत बसू देत नाहीत. पण ते पाणी साचतं कशामुळे? रविवारी मी बाबांना सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले. रात्री येऊन डेब्रिज टाकणाऱ्या डंपरनी तिथे फुटक्या टाइल्सचा, विटांचा, काँक्रिटच्या ढेकळांचा एक बांधच घातला आहे. बांधाच्या आमच्या बाजूला भरतीचं पाणी येतच नाही. पावसाचं आणि गटाराचं काळं पाणी डबक्यात उभं, आणि त्यात तिवराची, म्हणजे खारफुटीचीच, सात-आठ झाडं वाळून कोळसा झालेली. पलीकडे पाहिलं तर ओहोटी लागलेली. ओल्या चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी तिवराची श्वसनमुळं वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावरचे छोटे मासे, उड्या मारत होते. तिथे दिवसातून दोनदा पाणी येतं-जातं, बारकी मासळी अळ्या खाते. डासांचं डबकं डेब्रिजने केलंय, झाडांनी नाही. आणि झाडं साफ करून द्या म्हटलं की पुढचा डंपर तिथे दिवसाढवळ्या येईल.

पुराचं. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या मुखाशी जी खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी पसरतं ती दलदल, आणि खारफुटी होती, तीत मोठा भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. नदीचं पात्र आवळत गेलं ते वेगळंच. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, त्याला काही तास थांबायला जागा लागते, आणि खाजण म्हणजे तीच जागा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसात खारफुटी शाबूत असती तरी शहर बुडलं असतं, हे मान्य. पण पाणी खारफुटीने अडवलं असं म्हणणं म्हणजे पूर आला म्हणून पाणी साठवणारं तळंच बुजवण्यासारखं आहे.

कायद्याबद्दल मेसेजमध्ये सगळ्यात जास्त आवेश आहे आणि सगळ्यात कमी माहिती. म्हणून इथे थांबते.

खारफुटीला मुंबईत जे संरक्षण मिळालं ते परदेशातून आलं नाही. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही मुंबईतलीच संस्था फोर्टमधल्या आपल्या उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: खारफुटी तोडायची नाही, तिच्यात डेब्रिज किंवा कचरा टाकायचा नाही, आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटीच्या सभोवती ५० मीटरमध्ये बांधकाम करायचं नाही. १७ सप्टेंबर २०१८ ला अंतिम निकाल आला. न्यायमूर्ती अभय ओक आणि रियाझ छागला यांच्या खंडपीठाने म्हटलं की खारफुटीचा नाश हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे तुमच्याआमच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. खारफुटी जपणं सरकारचं कर्तव्य आहे, आणि जिथे ती उद्ध्वस्त झाली तिथे पुन्हा उभी करणंही. खाजगी किंवा व्यापारी कामासाठी तिला हात लावता येणार नाही.

आणि आता "एकही प्रकल्प होऊ देत नाहीत" याचं उत्तर, त्याच निकालातून: सार्वजनिक हितासाठी आवश्यक आहे असं न्यायालयाला पटलं तर परवानगी मिळते. मिळालीही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी खारफुटी तोडायची परवानगी याच उच्च न्यायालयाने दिली. पण आधी जो ५३ हजारांवर झाडांचा आकडा होता, तो आराखडा बदलल्यावर सुमारे २२ हजारांवर आला होता. परवानगीची ही गाळणी नसती तर आराखडा पुन्हा उघडून कोणी बसलं असतं का? मला ती २२ हजारही खुपतात. पण विकास थांबला हे धादांत खोटं आहे.

परदेशाच्या मुद्द्यात एक कण खरा आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या सुरुवातीलाच १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख आहे. पण तो कायदा झाला भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री झोपेत गुदमरलेली माणसं आपली होती. आणि पर्यावरण जपणं सरकारचं आणि नागरिकांचं कर्तव्य आहे असं सांगणारी घटनेतली ४८-अ आणि ५१-अ ही कलमं १९७६ ची, आपल्याच संसदेने घातलेली. शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ च्या, संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाची आहे खरी, पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात ती इथल्या कायद्यात आणली: ज्याने घाण केली त्याने भरून द्यायचं, आणि आपल्या कामाने नुकसान होणार नाही हे काम करणाऱ्यानेच दाखवायचं. यात विकास थांबवणारं काय आहे?

दहा झाडांचा हिशोब तर करूच नये. डोंगरावर लावलेला साग कोळंबीच्या पिल्लांना आसरा देत नाही.

राहिलं "आधी माणूस, मग झाड". बाबांना हेच वाक्य पटलं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. कोणता माणूस? खाडीत चिंबोरी आणि कालवं काढून घर चालवणारी कोळीण माणूस नाही? बोय आणि कोळंबीची पिल्लं याच मुळांमध्ये मोठी होतात. तळमजल्यावर ज्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरतं ते कोण? खारफुटी गेली की भूखंड एकाला मिळतो आणि पाणी दुसऱ्याच्या घरात जातं. त्या दुसऱ्याला कोणी विचारलेलं नसतं. मेसेज लिहिणारा ज्याला "माणूस" म्हणतो तो फक्त पहिला आहे. आणि सही करून आपण, दुसऱ्या रांगेतली माणसं, त्याला मोकळीक देतो. बाबांना मी हे जसंच्या तसं म्हणाले, जरा चढ्या आवाजात. ते काही बोलले नाहीत.

पण परवा संध्याकाळी त्यांनी मनीप्लांटची नवी बाटली बेसिनमध्ये ओतून आतून ब्रशने घासली आणि रोप कुंडीत, मातीत लावलं. पत्रावरची सही अजून आहे. सभा येत्या रविवारी आहे. "खारफुटी साफ करावी" हे खोडून "खारफुटीतलं डेब्रिज उचलावं, भरतीची वाट मोकळी करावी आणि रात्री येणारे डंपर अडवावेत" असा मसुदा मी सचिवांकडे दिला आहे, प्रत वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाला. ज्यांच्या सोसायटीत असंच पत्र फिरत असेल त्यांनी हा मसुदा मागून घ्यावा, तारीख आणि पत्ता बदलला की झालं.