रायझन ५००० चा माल एएमडीने दाबून ठेवला होता म्हणणाऱ्यांसाठी

नवा प्रोसेसर आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, की २०२० ला एएमडी कंपनीने आपल्या रायझन ५००० मालिकेतल्या पीसी प्रोसेसरचा माल मुद्दाम दाबून ठेवला, टंचाई करून भाव वाढवले, आणि आपल्याकडचे दुकानदार पण त्या लुटीत सामील होते. मी स्वतः त्यातल्या ५६००एक्ससाठी तेव्हा वणवण केलीय, राग मलाही आहे, पण त्यातलं बरंचसं चूक आहे.

पहिलं माल दाबण्याचं. अहो एएमडीचा स्वतःचा कारखानाच नाहीये, २००९ मध्येच त्यांनी फॅब, म्हणजे चिप बनवायचे कारखाने, वेगळ्या कंपनीत काढल्या. ५००० चे कोअरवाले चिपलेट, म्हणजे प्रोसेसरच्या आतले छोटे चिपचे तुकडे, तैवानला टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे ७ नॅनोमीटरच्या तंत्रावर बनायचे आणि त्याच ७ नॅनोमीटरवर अजून काय काय होतं बघा, ५ नोव्हेंबरला रायझन, १० ला मायक्रोसॉफ्टचा गेमिंग कन्सोल एक्सबॉक्स सीरिज एक्स, १२ ला सोनीचा पीएस५, १८ ला आरएक्स ६८०० ग्राफिक्स कार्ड, सगळ्यात चिप एएमडीचीच. रायझनचा एक चिपलेट साधारण ८० चौरस मिलिमीटर आणि पीएस५ ची चिप ३०० च्या आसपास, म्हणजे एका पीएस५ च्या जागेत तीन-चार चिपलेट निघाले असते, पण सोनी-मायक्रोसॉफ्टशी करार झालेले, त्यांना माल द्यावाच लागणार. त्यात लॉकडाउनमुळे सगळं जग घरात बसून पीसी घेत होतं. आणि वेफर, म्हणजे ज्यातून चिप कापतात ती सिलिकॉनची चकती, आज लाइनवर टाकला तर तयार व्हायला तीनेक महिने जातात, भज्यांचा घाणा नाहीये तो, की गिऱ्हाईक वाढलं म्हणून लगेच दुसरा काढला.

टंचाई झाली म्हणून कंपनीने भाव वाढवले, हे तर तारखांवरच कोसळतं. भाव जाहीर झाले ८ ऑक्टोबरला, विक्रीच्या महिनाभर आधी. आधीच्या पिढीतला ३६००एक्स २४९ डॉलरला होता, ५६००एक्स २९९ ला आला, ३९००एक्स ४९९ चा तर ५९००एक्स ५४९, सरळ ५० डॉलर चढवले कारण गेमिंगमध्ये इंटेलला मागे टाकलं होतं. भांडायचं तर यावर भांडा ना! साधा ५६०० त्यांनी १९९ डॉलरला आणला तो थेट एप्रिल २०२२ मध्ये, जवळपास दीड वर्ष स्वस्तातलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं. ईबेवर जे चढ्या भावाने विकत होते त्यांचा वरचा पैसा मात्र त्यांच्याच खिशात गेला, एएमडीच्या नाही.

राहिले दुकानदार. २९९ गुणिले तेव्हाचे ७४ रुपये, २२,१०० च्या पुढे, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २६,१००. अमेरिकेतला भाव टॅक्स सोडून सांगतात हे लोक विसरतात, त्यामुळे २६ हजार सांगितले म्हणजे लूट नाही. पण सगळेच सरळ होते असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, एका दुकानात ५६००एक्सचा डबा काउंटरवर माझ्या समोर होता, सील न फोडलेला. नुसता प्रोसेसर मिळणार नाही म्हणाले, बरोबर मदरबोर्ड घ्यावा लागेल. माझ्या घरी बी४५० चा चांगला बोर्ड होता, त्याचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून चालला असता, हे सांगितलं तरी ऐकेनात, आणि मी नाही म्हटल्यावर डबा उचलून खालच्या कपाटात ठेवून दिला. मार्चपर्यंत मी जुन्यावरच काढलं.