चायना माल आणि चिनी माती

परवा मेहुण्यांनी माझ्या खिशातलं पेन बघायला मागितलं. हातात घेतलं, "वजनदार आहे हो," म्हणाले, निळी नक्षी फिरवून फिरवून बघितली. मग विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं, "चीनचं." त्यांनी पेन लगेच टेबलावर ठेवलं. "अच्छा, चायना का!"

पाहुण्यांसमोर मी काही बोललो नाही. पण ते मनात राहिलंय, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पेन आहे जिनहाओ ९५०. कंपनी शांघायची. बाहेरून पांढरीशुभ्र चिनी माती आणि तिच्यावर निळ्या रंगात ढगांतून वळत जाणारा ड्रॅगन. हातात धरलं की आधी गारवा लागतो, थंडीच्या सकाळी रिकाम्या कपाला गाल लावावा तसा. दोन ओळी लिहून होईपर्यंत बोटांची ऊब त्यात उतरते. नखाने हलकेच टिचकी मारली तर बारीक टणत्कार येतो. निबला सोन्याचा मुलामा आहे, निब सोन्याची नाही. टोपण मागे खोचून लिहिलं तर मनगट भरून येतं, म्हणून मी ते काढून वहीशेजारी आडवं ठेवतो. शाई कॅम्लिनची रॉयल ब्लू. महागड्या शाया माझ्याकडे आहेत, पण या पेनात हीच भरतो. ड्रॅगनचा निळा आणि कागदावरचा निळा एकमेकांशेजारी छान दिसतात.

भिंगातून बघितलं तर नक्षी छापाची आहे हे समजतं. दोघांच्या हॉटेलच्या बिलात येणाऱ्या पेनावर कुणी दिवसभर कुंचला चालवत बसेल, ही अपेक्षा धरणंच चुकीचं. मला ओढ आहे ती हा छाप जिथून आला त्या गावाची. ते गाव म्हणजे जिंगदेझेन.

चीनच्या च्यांगशी प्रांतात छांग नदीच्या काठी हे शहर आहे. आधीचं नाव छांगनान. सोंग घराण्यातल्या चनत्सुंग सम्राटाने १००४ साली आपल्या राजवटीतल्या नव्या कालखंडाला 'जिंगदे' नाव दिलं आणि तेच या गावाला मिळालं. झेन म्हणजे बाजारपेठेचं गाव. हजार वर्षं झाली, गाव भांडीच बनवतंय. आसपासच्या डोंगरांत दोन गोष्टी मिळतात. एक दगड, जो कांडून, गाळून त्याच्या छोट्या पांढऱ्या विटा पाडतात. दुसरी एक पांढरी माती, जी जवळच्या गाओलिंग गावाच्या नावाने जगभर केओलिन म्हणून ओळखली जाते. आज टूथपेस्टपासून गुळगुळीत कागदापर्यंत कुठेही केओलिन वापरलं, तरी नाव त्या खेड्याचंच घेतलं जातं.

दंत्रकोल नावाचे एक फ्रेंच जेझुइट पाद्री तिथे राहिले होते. १७१२ आणि १७२२ साली त्यांनी दोन लांबलचक पत्रांतून भांडी कशी बनतात ते युरोपला कळवलं. त्यांना एका चिनी व्यापाऱ्याने सांगितलेली गोष्ट मला फार आवडते. काही युरोपियनांनी त्या पांढऱ्या विटा मायदेशी नेल्या आणि त्यांची भांडी करायला गेले, पण केओलिन न्यायचं राहिलं. जमलं नाही. व्यापारी हसून म्हणाला की यांना हाडांशिवाय नुसत्या मांसाचा देह उभा करायचा होता! दगड हे मांस आणि माती हे हाड. सुमारे १३०० अंशांच्या भट्टीत दोन्ही एकजीव झाली की काचेसारखं टणटणीत, उजेडाला धरलं तर झिरमिरीत पोर्सेलिन तयार होतं.

त्याच पत्रांत लिहिलंय की रात्री दुरून बघितलं तर अख्खं शहर पेटल्यासारखं दिसायचं, इतक्या भट्ट्या. आणि एक भांडं तयार होईपर्यंत सत्तर हातांतून जायचं. एक जण फुलांची नुसती बाह्यरेषा काढणार, दुसरा ती भरणार, तिसरा जन्मभर कपाच्या काठाशी गोल रेघच ओढणार. मला त्या रेघवाल्याचं फार वाटतं. त्याचं नाव कुठेच नाही, त्याची रेघ मात्र जगातल्या कुठल्या कुठल्या संग्रहालयांत आहे.

आता तो निळा रंग. तो कोबाल्टचा. तेराव्या-चौदाव्या शतकात, युआन घराण्याच्या काळात, हे खनिज इराणकडून यायचं. कारागीर रंगवत असतो तेव्हा मात्र ते निळं नसतंच, काळपट करडं असतं. कच्च्या, न भाजलेल्या मातीवर कुंचला टेकला रे टेकला की माती टीपकागदासारखा रंग पिऊन घेते. तिथे खोडरबर नाही. हात थांबला की डाग पडला, थरथरला की रेघ फाटली. वरून झिलईचा थर चढला की सगळी नक्षी पांढरटाखाली गडप होते. मग भट्टी. भट्टी उघडल्यावरच निळा दिसतो.

शाईपेनाने लिहिणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बॉलपेन दाबलं तरी चालतं, पेन्सिल खोडता येते. शाईपेन विचार करत कागदावर टेकवून ठेवलं तर ठिपका फुगतो, म्हणून विचार पेन उचलून करायचा आणि रेघ ओढायची ती ओढूनच टाकायची. भांड्यांच्या गावाची नक्षी पेनावर कशाला, असं मला एका पेनप्रेमी मित्राने विचारलं होतं. माझं उत्तर हेच आहे. दुसऱ्या कुठल्याही गावापेक्षा या गावाचा हक्क पेनावर जास्त आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या निळ्या-पांढऱ्याचे दोन मोठे फुलदाणे आहेत. मानेला हत्तीच्या डोक्यांचे कान, अंगावर ड्रॅगन, आणि वर चक्क तारीख लिहिलेली: इसवी सन १३५१. कुणा भाविकाने ते देवळाला अर्पण केले होते. माझ्या खिशातल्या ड्रॅगनचे हे पणजोबा! पुढे मिंग काळात राजदरबाराच्या खास भट्ट्या झाल्या. तिथे एखादं भांडं जराही चुकलं तर ते फोडून पुरून टाकत, म्हणजे सामान्य माणसाच्या घरात जायला नको. ते तुकडे उकरून, जोडून संशोधकांनी अलीकडच्या काळात पुन्हा भांडी उभी केली आहेत. ज्या ड्रॅगनचा तुकडासुद्धा प्रजेला मिळू दिला नाही, तो आज माझ्यासारखा नोकरदार खिशाला लावून बसने ऑफिसला जातो. मला यात मोठा आनंद वाटतो.

लांब जायचं नसेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी वस्तू आहेत. एकदा मुलांना घेऊन जा आणि तिथे दहा मिनिटं शांत उभे राहा.

आता मेहुण्यांच्या "चायना का!"बद्दल. आपल्या भाषेत पूर्वी या देशाचं नाव कशाला लागलेलं होतं ते आठवा. संस्कृतात उत्तम रेशमी वस्त्राला चीनांशुक म्हणत. आणि घरात चिनी माती. माझ्या आजीचं लोणचं चिनी मातीच्या बरणीतच मुरायचं. तोंडाला दादरा बांधलेला, बरणी फळीवर मागच्या बाजूला, आणि आम्हा पोरांना हात लावायची बंदी. पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं, बरणीत वर्षभर टिकतं. त्या बरण्या आपल्याकडच्याच, पोर्सेलिनपेक्षा जाड आणि ओबडधोबड, हे मला माहीत आहे. पण नाव आपण कुणाचं दिलं? ज्याच्यावर विश्वास होता त्याचं. त्याच देशाचं नाव आता आपण "दोन दिवसांत बंद पडेल" अशा अर्थाने वापरतो.

सीमेवर काय होतं ते मलाही कळतं. २०२० च्या जूनमध्ये गलवानची बातमी आली त्या रात्री मलाही झोप लागली नाही, आणि तेव्हापासून कुणी चिनी वस्तू घेणार नाही म्हणत असेल तर त्या निश्चयाचा मी आदर करतो. तो माणूस किंमत मोजून नाही म्हणतोय. मला राग येतो तो वस्तू हातात धरून, आवडून, मग गावाचं नाव ऐकून ती हलकी ठरवण्याचा. सरकारवर राग धरा. हजार वर्षं मातीत हात घालणाऱ्यांना टाकाऊ म्हणू नका. त्यांनीही सोसलंय. १९९० च्या दशकात तिथले मोठे सरकारी कारखाने बंद पडत गेले, हजारो कामगार घरी बसले. आज त्यातल्या एका कारखान्याच्या आवारात तरुण कारागीर गाळे थाटून बसतात, आणि चीनभरातून मुलं फक्त माती शिकायला त्या गावात येऊन राहतात. २०१४ मध्ये युनेस्कोने आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत हस्तकलेसाठी जिंगदेझेनचं नाव घातलं.

संग्राहक मंडळींपैकी बरेच जण हे पेन डबीतून काढत नाहीत, फुटेल म्हणून. मी रोज वापरतो, आणि एकदा खरंच पडलं. बाथरूमच्या फरशीवर, धुताना. टोपणाच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला. वाईट वाटलं, खूप वाटलं. मग तो टवका बॅटरीच्या उजेडात धरला. आतपर्यंत पांढरा, साखरेच्या खड्याच्या मोडलेल्या बाजूसारखा, कुठे रंग नाही की भेसळ नाही.

तो टवका मी काडेपेटीत कापसावर जपून ठेवलाय. मेहुणे दिवाळीला येणार आहेत. तेव्हा त्यांच्या तळहातावर ठेवणार आहे.