कितीला घेतला?

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्याला कोल्हापूरहून मामा येतात. मामांचा एक नेम आहे. चतुर्थीच्या रात्री ते हॉलमध्ये बाप्पासमोर सतरंजी टाकून झोपतात आणि समई विझू देत नाहीत. नेम उत्तम आहे. अडचण एवढीच की आमचा टीव्हीसुद्धा हॉलमध्येच आहे.

२०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि नेमकी त्याच रात्री साडेबाराला मँचेस्टर युनायटेडची मॅच होती. काराबाओ चषक म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. तिची दुसरी फेरी, समोर ग्रिम्सबी टाउन. ग्रिम्सबी हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मासळीचं बंदर, आणि तिथला क्लब तेव्हा चौथ्या श्रेणीत खेळत होता. असल्या फेरीत आमच्यासारख्या थोरामोठ्यांचं एरवी काही काम नसतं. पण आदल्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या पहिल्या श्रेणीत, आम्ही वीस संघांत पंधरावे आलो होतो. युरोपातल्या स्पर्धांत जागा मिळाली नव्हती, म्हणून दुसऱ्या फेरीपासूनच रांगेत उभं राहावं लागलं. (पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून मी ‘आम्ही’ म्हणतो, याची मला कल्पना आहे. बायकोही अधूनमधून ती करून देते.)

जिंकायची खात्री असलेली मॅच आमच्या नशिबी वर्षातून एखादीच येते. ती सोडवेना. मी पाय न वाजवता हॉलमध्ये आलो.

“आवाज बंद ठिऊन बग,” अंधारातून मामा म्हणाले. “बाप्पा दमल्यात.”

मामांना फुटबॉल कळत नाही असं समजू नका. कोल्हापुरात फुटबॉल न कळणारा माणूस शोधावा लागतो. तरुणपणी ते पेठेतल्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर बॅक खेळलेत आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला पाऊस अजूनही वेधशाळेच्या आधी कळतो. पण ते फक्त पेठेचा फुटबॉल बघतात. सायबाचा फुटबॉल त्यांनी त्या रात्री पहिल्यांदाच नीट पाहिला, आणि बाविसाव्या मिनिटाला गोल झाला.

“बसला!” मामा उठून बसले. “आपला का?”

“नाही.”

तिसाव्या मिनिटाला दुसरा झाला. तोही आपला नव्हता. दोन्ही वेळा आमच्या गोलकीपरचे हात जिथे असायला हवे होते तिथे नव्हते. मामांनी चष्मा लावला, समईत तेल घातलं आणि तो प्रश्न विचारला, ज्याने माझी पुढची दोन वर्षं नासणार आहेत.

“ह्यो गोलकीपर कितीला घेतला रं?”

मी सांगितलं, साडेचार कोटी पौंडांच्या आसपास. मामांनी रुपयात विचारलं. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि आकडा जिभेवर येईना. “पाचशे कोटींच्या वर.”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी एकदा बाप्पाकडे बघितलं, एवढंच.

त्यानंतर ज्याच्या पायात चेंडू जाईल त्याचा भाव विचारायचा, असा खेळच सुरू झाला. मागचा उंचापुरा मग्वायर? २०१९ साली ८ कोटी पौंड, बचावपटूसाठी जगातला सर्वांत मोठा आकडा. पुढचा कुन्या? याच उन्हाळ्यात ६ कोटी २५ लाख. तो तरणा शेश्को? तोही याच उन्हाळ्यातला, सहा कोटींच्या वरच. बाकावरचा एम्बेमो धरला तर पुढच्या फळीतले हे तिघे मिळून २० कोटी पौंड होतात, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे.

“आनि ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्याची पोरं कितीला?”

त्यांचं मला माहीत नव्हतं. ते कुणी विचारतच नाही.

मध्यंतराला आई पाणी प्यायला उठली. दोघं अजून जागे बघून तिला वाटलं मामा जागर करतायत. “दादा, झोपा की आता,” ती म्हणाली. मामा म्हणाले, “थांब गं, ह्येच्या घरात लई मोठा खर्च झालाय, हिशेब लावतोय.” आई घाबरून माझ्याकडे बघत राहिली. कर्ज-बिर्ज काढलं नसल्याची खात्री करूनच आत गेली.

मग मी मामांना सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. सर अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ साली मॅनेजर म्हणून आले, २६ वर्षं राहिले, प्रीमियर लीग तेरा वेळा जिंकले आणि २०१३ साली निवृत्त झाले. त्याच उन्हाळ्यात व्यवहार बघणारे डेव्हिड गिलही गेले आणि त्यांच्या खुर्चीत बँकेच्या दुनियेतले एड वुडवर्ड बसले. फर्ग्युसनच्या जागी डेव्हिड मॉइस आले. सहा वर्षांचा करार होता, दहा महिन्यांत नारळ मिळाला. मॉइसना एव्हर्टन या आपल्या आधीच्या क्लबातला जुना खेळाडू फेलायनी हवा होता. फेलायनीच्या करारात लिहिलं होतं की ३१ जुलैपर्यंत २ कोटी ३५ लाख पौंड देणाऱ्याला तो मिळेल. आम्ही ३१ जुलै शांतपणे जाऊ दिली आणि खरेदीच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याला २ कोटी ७५ लाखांना घेतलं.

“बाजार उठताना बैल स्वस्त मिळतो रं,” मामा कळवळून म्हणाले. “ह्यास्नी महाग कसा मिळाला?”

कारण बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, मामा, आणि आमचा क्लब आधी माइकवरून सांगतो की आमच्याकडे पैसा आहे आणि आमची पंचाईत झालीय. विकणारा मग कशाला सोडेल? वर एजंट असतात. “म्हंजे हेडे,” मामा म्हणाले. हेडेच. मिनो रायोला नावाच्या हेड्याने २०१६ साली पोगबाचा सौदा केला, ८ कोटी ९० लाख पौंडांना. जागतिक विक्रम. गंमत म्हणजे हा पोगबा आमच्याच अकादमीतला. २०१२ साली जवळजवळ फुकटात इटलीतल्या युव्हेंटस क्लबला गेलेला. विक्रमी भावाने परत आणला, आणि २०२२ साली करार संपला तेव्हा तो पुन्हा फुकट गेला. पुन्हा युव्हेंटसलाच.

मामांनी बराच वेळ समईची वात सारखी केली.

“आपलंच जनावर, आपल्याच गोठ्यातनं सुटलं, आपनच बाजारभावानं इकत आनलं, आनि परत दावं सोडून दिलं. दोनदा?”

“दोनदा.”

“मालक कोन हाय?”

इथे मी जरा आवंढा गिळला. अमेरिकेतलं ग्लेझर कुटुंब. २००५ साली त्यांनी सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, पण त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. तोपर्यंत क्लब बिनकर्जाचा होता. तेव्हापासून तिकिटं, जर्सी, जाहिराती यांतून येणाऱ्या पैशांतून व्याज जातं. मामांच्या हे लगेच ध्यानात आलं. सोसायटीचा व्यवहार त्यांना नवा नाही. “बैल गहान ठिऊन बैलच घ्यायचा आनि हप्ता बैलानं फेडायचा,” ते म्हणाले. मी इतकी वर्षं इंग्रजी लेख वाचत होतो. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

उत्तरार्ध सुरू झाला. आम्ही खेळत होतो असं म्हणता येईल. टीव्हीवर मधूनच आमचे मॅनेजर रुबेन अमोरिम दिसत. ते पावसात पाटीवरच्या सोंगट्या हलवत होते. मामांनी विचारलं, “सारीपाट?” नाही, ती रचना आहे. तीन मागे, चार मध्ये, तीन पुढे. अमोरिम आदल्या मोसमाच्या मध्यात आले, ही रचना घेऊन आले आणि ती सोडायला तयार नव्हते. हातात असलेले खेळाडू मात्र आधीच्या मॅनेजरने वेगळ्या रचनेसाठी घेतलेले. त्याच्या आधीच्याने आणखी वेगळ्या.

मला वाटतं सगळी मेख इथे आहे. फर्ग्युसननंतर बारा वर्षांत आमच्याकडे सहा ‘कायमचे’ मॅनेजर आले. व्हान हालना चेंडू आपल्याकडेच ठेवायचा होता. मोरिन्योंना तो समोरच्यांकडे असला तरी चालायचा. सोल्शारना सुसाट पळायचं होतं, टेन हाग यांना आपल्या जुन्या क्लबातली माणसं हवी होती. प्रत्येकाच्या हौसेची खरेदी झाली आणि खरेदी घरात येऊन लागेपर्यंत हौस करणारा बाहेर. व्हान हाल एफए कप (इंग्लंडमधली दुसरी बाद स्पर्धा) जिंकले आणि दोन दिवसांत गेले. टेन हागही एफए कप जिंकले, तर क्लबने त्यांचा करार वाढवला आणि पुरते चार महिने व्हायच्या आत नारळ दिला. त्यांना आणि त्यांच्या सहायकांना घालवायलाच कोटभर पौंड लागले.

“नांगराला बैल आनला तवर मालकानं कुळव धरला,” मामा म्हणाले. “कुळवाचा आनला तवर पेरनी काढली. बैल काय करंल?”

बैल काय करील ते आम्ही बघितलं आहे. डी मारिया जवळजवळ ६ कोटींना आला आणि वर्षभरात पॅरिसला गेला. अलेक्सिस सांचेझला जानेवारी २०१८ मध्ये आणलं तेव्हा क्लबने त्याचा पियानो वाजवतानाचा व्हिडिओ काढला. मी तो अकरा वेळा बघितला होता. सांचेझने आमच्यासाठी ४५ सामन्यांत ५ गोल केले. पगार मात्र असा होता की बाकीच्यांनी आपापली पगारपत्रकं नव्याने वाचायला काढली.

“गोल करतोय का बगायचं सोडून पेटी वाजीवतोय का बगितलं?”

उलट, घरचा स्कॉट मॅकटॉमिने लहानपणापासून क्लबात वाढला. त्याला २०२४ साली अडीच कोटी पौंडांच्या आसपास नापोलीला विकला. पुढच्याच मोसमात नापोली इटलीचं अजिंक्य झालं आणि मॅकटॉमिने तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तो विकला यालाही हिशेबाचं कारण आहे. प्रीमियर लीगच्या नियमात तेव्हा तीन वर्षांच्या तोट्याला मर्यादा होती. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत वहीत कराराच्या वर्षांवर वाटून पडत राहते, पण घरी वाढवलेल्याची खरेदी किंमतच नसते, त्यामुळे तो विकला की आलेला पैसा जवळजवळ सगळाच नफा. म्हणजे महागाचे विकले जात नाहीत म्हणून घरचे विकायचे. मामांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “घरचा खोंड.” आणि तोंड फिरवून झोपायला लागले.

तेवढ्यात पंचाहत्तराव्या मिनिटाला एम्बेमोने गोल केला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला मग्वायरने डोक्याने बरोबरी साधली. मी सोफ्यावरून उडी मारली, खाली पुन्हा नीट पाय न वाजवता उतरलो. “आठ कोटी वसूल, मामा!” मामा म्हणाले, “ह्याज कोन देनार?”

पेनल्टी. आमची पाचवी किक कुन्याची होती. मारली की जिंकलो, असा प्रसंग. ग्रिम्सबीच्या गोलकीपरने ती अडवली. मग एकेक करत सगळे येत गेले. मामांचं लक्ष शेश्कोकडे होतं. एवढे पैसे मोजून आणलेला गोल करणारा माणूस सातव्या, आठव्या, नवव्या किकलाही पुढे येईना. “त्येला बोलवा की रं,” मामा टीव्हीला म्हणाले. “लगीन त्याचं, आनि वरात येऊन बसलीया.” शेवटी तो आला, त्याने गोलही केला. तोवर मामा उघडपणे पट्टेवाल्यांच्या बाजूचे झाले होते. त्यांचं मैदान लहान, पाऊस, चिखल, काठावर खेटून उभी असलेली माणसं. त्यांना शाहू स्टेडियम दिसत होतं. मी त्यांना दोष देत नाही.

प्रत्येकी तेरावी किक. एम्बेमोचा चेंडू आडव्या खांबाला लागला. १२-११.

“मोरया!” मामा ओरडले. पहाटे तीनच्या सुमाराला. आई धावत बाहेर आली, बायको आली, वरच्या मजल्यावर दिवा लागला. आईने विचारलं, “आरती आहे का?” मामांनी हात जोडून सांगितलं की नाही, ग्रिम्सबी.

सकाळी नैवेद्याच्या ताटावर मामांनी बायकोला सगळी हकिगत सांगितली. त्यात आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमचं छप्पर गळतं, मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर तिथे अक्षरशः धबधबा कोसळला, आणि त्यावर उपाय म्हणून क्लबने एक लाख प्रेक्षकांच्या, वर भलीमोठी छत्री असलेल्या नव्या स्टेडियमचं चित्र प्रसिद्ध केलं, हे मी भर म्हणून सांगितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. “तुला खेळ आवडतो की खरेदी?” तिने विचारलं. “मे महिन्यात तू हरलेला असतोस आणि जूनमध्ये गाणी म्हणत फिरतोस.”

हे खरं आहे. जून ते ऑगस्ट मी सुखात असतो. तेव्हा आम्ही हरत नाही. रोज नवीन नाव येतं, मी त्याचे जुने गोल बघतो, कुणाच्या तरी लीगमधल्या कुणाच्या तरी बचावाला त्याने कसं चकवलं ते ऑफिसात दाखवतो. मोठं नाव आलं नाही तर माझ्यासारखेच लाखो लोक क्लबला शिव्या देतात, आणि क्लब आमचं ऐकतो. तेवढं एकच ऐकतो.

विसर्जनाला जाताना मामांनी युनायटेडसाठी नवस बोलण्याची तयारी दाखवली. मी म्हणालो, तिकडे एकाने बोललाय. युनायटेडच्या एका चाहत्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं की संघ सलग पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही. मामांनी त्याच्या केसांची लांबी विचारली, फोटो बघितला आणि नवसाचा विचार सोडून दिला.

नंतर बातमी आली की ग्रिम्सबीने त्या रात्री खेळवलेल्या एका खेळाडूची नोंदणी मुदतीनंतर एका मिनिटाने झाली होती. मी दोन दिवस आशेवर होतो. त्यांना दंड झाला. निकाल तोच राहिला.

१ सप्टेंबरला, खरेदीच्या अगदी शेवटच्या दिवशी, आम्ही बेल्जियममधून नवा गोलकीपर घेतला. तेवीस वर्षांचा सेने लामेन्स. मी सगळ्यात आधी मामांना फोन लावला. १ कोटी ८० लाखांच्या आसपास, मामा, आपल्या मानाने स्वस्तात. पलीकडे थोडा वेळ नुसती गुऱ्हाळासारखी घरघर ऐकू आली. बहुतेक मामा मिक्सरवर चटणी करत होते.

“दात बगितलंस का त्येचं?” त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. सकाळी नऊपासून तेच बघत होतो.