टाकी फुल, तरी काटा पाऊणवर: ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमचं म्हणणं असं: गाडीचा इंधनाचा काटा तपासण्यावरच्या माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे टाकीवरच्या युनिटची (इंधनाची पातळी मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाची) वायर काढून बॉडीला टेकवली, काटा फुलवर गेला, म्हणून मीटर चांगलं आणि युनिट खराब समजून नवीन युनिट बसवलं. टाकी काठोकाठ भरली तरी काटा पाऊणच्या पुढे सरकत नाही. मेकॅनिक आता रेझिस्टन्स (विजेला अडथळा करणारा भाग) लावून काटा जुळवून देतो म्हणतोय. शिवाय वायर अशी थेट टेकवली तर मीटर जळू शकतं, हे लेखात नव्हतं.

दोन्ही आक्षेप मान्य. जळण्याचं आधी सांगतो, कारण ते इतरांनाही लागू आहे. जुन्या मीटरमध्ये काट्यामागे द्विधातूची पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार असते. वायर थेट बॉडीला लागली की त्या तारेतून गरजेपेक्षा जास्त प्रवाह जातो. दोन-चार सेकंद चालतं, मिनिटभर ठेवलं तर तार जाऊ शकते. म्हणून वायर आणि बॉडीच्या मध्ये १२ व्होल्ट, ३.४ वॉटचा छोटा बल्ब लावा. काटा हळूहळू फुलकडे सरकू लागला की वायर लगेच काढायची.

आता युनिटचं. वायर बॉडीला टेकवली की मीटर आणि वायर तपासली जाते, पण युनिटचं अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेली त्याची विजेची जोडणी) तपासलं जात नाही. उलट त्या खराब अर्थिंगला आपण वळसा घालून जातो. काटा फुलवर गेला तर शक्यता दोन: युनिट खराब, किंवा युनिट चांगलं पण त्याला अर्थिंग नाही. लेखात दुसरी शक्यता सुटली होती आणि तुमच्या वर्णनावरून मला तीच वाटते.

जपानी पद्धतीच्या युनिटमध्ये टाकी भरलेली असताना साधारण ३ ओहम, रिकामी असताना ११० च्या आसपास आणि अर्धी असताना तिशीच्या घरात रेझिस्टन्स असतो. गंजलेल्या अर्थिंगमुळे २० ओहमची भर पडली तर भरलेली टाकी २३ ओहम दाखवते, म्हणजे काटा पाऊणपाशी. तीच टाकी रिकामी झाली की १३० ओहम होतात आणि काटा ई (रिकामी) या खुणेच्याही खाली जातो. तुमचा काटा रिझर्व्हला तसाच खाली जात असेल, तर संशय आणखी पक्का. (युरोपीय गाड्यांमध्ये बऱ्याचदा उलट असतं, रिकामी १० आणि भरलेली १८० ओहम. तिथे वायर बॉडीला टेकवली की काटा रिकाम्यावर जातो, हेही लेखात हवं होतं.)

खात्री करायला मल्टीमीटर पुरे. टाकी भरलेली, युनिटची वायर जोडलेली, इग्निशन ऑन. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक युनिटच्या धातूच्या चकतीवर आणि काळं बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग ठीक. अर्धा-एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष सापडला. वायर काढून मोजलंत तर प्रवाहच नसतो, आकडा शून्य येतो आणि फसगत होते.

ठाणे-नवी मुंबईत हा दोष पुन्हा पुन्हा दिसण्याचं कारण खाडीची दमट, खारी हवा. त्यात पावसाळ्याआधी गाडीखाली अँटी-रस्ट कोटिंग मारून घेतात. बोल्ट घट्ट असताना वरून मारलेलं कोटिंग चालतं, पण टाकी उतरवून तिच्या पट्ट्यांवर आणि बोल्टखालच्या जागेवर मारलं, तर बॉडीशी धातूचा संपर्कच तुटतो. तुमच्याकडे असं झालंय का, ते आठवून पाहा.

दुरुस्ती स्वस्त आहे. दीड चौरस मिलिमीटरची काळी वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले रिंग लग (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या). एक लग युनिटच्या स्क्रूखाली, दुसरा चासीच्या बोल्टखाली. चासीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, स्टार (दातेरी) वॉशर घाला, आवळा, मग वरून ग्रीस. ग्रीस आधी नको. काम मोकळ्या हवेत करा, बॅटरीचं निगेटिव्ह काढून. टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये.

मेकॅनिकच्या रेझिस्टन्सला मात्र माझा स्पष्ट नकार. २३ ओहमचे ३ करायला युनिटला समांतर साधारण साडेतीन ओहम लावावे लागतात. मग टाकी रिकामी झाली, १३० ओहम आले, तरी मीटरला ३.४ च्या आसपासच दिसणार. काटा कायम फुलवर, आणि गाडी भर ऐरोली पुलावर बंद.

तापमानाचा काटाही खाली राहत असेल, तर त्याच्या सेंडरच्या (इंजिनवरच्या तापमान मोजणाऱ्या भागाच्या) आट्यांवर कोणी टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे का पाहा. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. दोन्ही काटे एकाच वेळी चढत किंवा उतरत असतील तर मात्र मीटरमागचा व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आणि त्याचं अर्थिंग आधी बघा.

जुनं युनिट अजून असेल तर टाकू नका. मल्टीमीटर ओहमवर लावून त्याचा फ्लोट (तरंगणारा भाग) तळापासून वर सावकाश उचला. आकडा मध्ये कुठे न उडता सलग कमी होत गेला, तर ते युनिट चांगलं आहे. व्होल्टचा आकडा आणि हा आकडा, दोन्ही इथे लिहा. लेखातला तो परिच्छेद मी आजच बदलतो आहे.