"सवय झालीय हो आवाजाची" म्हणणारा मी

परवा मुलीला ताप होता. थर्मामीटर लावला आणि बीप वाजायची वाट बघत शेजारी बसून राहिलो. दोन मिनिटं झाली, तीन झाली, मी आपला बसलोय. शेवटी तीच म्हणाली, बाबा, कधीच वाजून गेलं ते. वाटलं गंमत करतेय. परत लावला, यावेळी कान पार जवळ नेला, ती म्हणतेय वाजतंय वाजतंय आणि मला ढिम्म काही नाही. तशी शांतताही नाही म्हणता येणार, कारण कानात रातकिड्यासारखं बारीक सूंऽऽ गेली दोन-तीन वर्षं चालूच आहे.

मग गेलो एकदाचा ऑडिओमेट्री करायला. बंद खोली, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. रिपोर्ट बघून ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, मशीनवर काम करता का? मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! आलेखाची रेघ जाड आवाजांना बऱ्यापैकी सरळ चाललेली आणि 4000 हर्ट्झला, म्हणजे बारीक पट्टीच्या आवाजाला, धपकन खाली, 8000 ला परत थोडी वर. रस्त्यात खड्डा पडावा तशी. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा रेघ उतरते ती उतरतच जाते म्हणे, हा मधला खड्डा म्हणजे आवाजाचा शिक्का.

12 वर्षं छापखान्यात काढली मी. पहिल्या आठवड्यात घरी यायचो तेव्हा कानाला दडे बसलेले असायचे, टीव्ही मोठा लावायला लागायचा. दोन-तीन महिन्यांत ते थांबलं आणि मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो की सवय झाली आता. आज या शब्दाचा भयंकर राग येतो. सवय मेंदूला होते हो, तो लक्ष देणं बंद करतो, कान मात्र मार खातच असतो. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण 15-16 हजार, बस्स. पक्ष्यांच्या मेल्या तर नव्या उगवतात, आपल्या नाही उगवत. आणि सकाळी उठल्यावर कान मोकळा वाटतो ना, त्याच्यावरही जाऊ नका. कुजावा आणि लिबरमन या दोघा संशोधकांचा 2009 चा उंदरांवरचा अभ्यास आहे, मोठ्या आवाजानंतर काही दिवसांनी उंदरांची ऐकण्याची टेस्ट नॉर्मल आली, पण आत बघितलं तर काही भागात पेशी आणि नस यांचे निम्म्यापर्यंत जोड कायमचे गेलेले.

डेसिबलचं, म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायच्या मापाचं, गणित तर आपल्याला कोणी नीट सांगतच नाही. 85 आणि 88 मध्ये काय एवढा फरक, असं वाटतं, पण 3 डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब असा की 85 ला दिवसाला 8 तास चालतील, 88 ला 4, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. मीटर नसेल तर सोपी खूण आहे. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवायला लागतोय, म्हणजे 85 च्या आसपास आहात. आम्ही तर प्रेसवर बोलायचोच नाही, खुणा करायचो.

मला सगळ्यात धक्का बसला तो थिनरचा. रोलर पुसायला जे वापरायचो त्यात टोल्यूइन असायचं. डोकं दुखायचं हे माहीत होतं, पण हे द्रावण श्वासातून रक्तात जाऊन कानाच्या आतल्या पेशींना त्रास देतं आणि जोडीला मोठा आवाज असेल तर नुकसान आणखी वाढतं, हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे नाक आणि कान दोन्हीकडून चाललेलं.

बहिरेपण म्हणजे आवाज कमी येणं असं मला वाटायचं. तसं नाहीये. ऐकू येतं, कळत नाही. स्वर शाबूत, पण स, फ, थ असली बारीक व्यंजनं गळतात. बायको म्हणते साठ, मी ऐकतो आठ. मग ती म्हणते, तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही. त्यावरून झालेली भांडणं मोजली तर ऑडिओमेट्री फुकटात पडली असं म्हणायला हरकत नाही.

मशीनवर काम करत नाही म्हणून निवांत राहणाऱ्यांनाही सांगतो. रस्त्यावरच्या ट्रॅफिकने सहसा थेट बहिरेपण येत नाही, झोप आणि बीपी बिघडतं हे वेगळं. पण त्या गोंगाटावर मात करायला आपण इयरफोनचा आवाज वाढवतो, खरी गोम तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा सांगते, लहान मुलांसाठी 75. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन म्हणूनच मला चैन वाटत नाहीत, आवाज कमी ठेवून भागतं त्यात.

आणि ते "वय झालं की ऐकू कमी येणारच" हेसुद्धा पूर्ण खरं नाही. 1962 मध्ये रोझेन नावाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या सुदानमधल्या माबान लोकांचे कान तपासल्याचं प्रसिद्ध केलं, अगदी शांत मुलखात राहणारी माणसं, म्हातारपणीही त्यांचं ऐकणं शहरी लोकांपेक्षा कितीतरी चांगलं. त्यांचं खाणंपिणं, रक्तदाब सगळंच वेगळं होतं, त्यामुळे सगळं श्रेय शांततेला देता येणार नाही, कबूल. पण आवाजाची तक्रार करणाऱ्याला चिडका ठरवणाऱ्यांनी एकदा याचा विचार करावा.

गेल्या आठवड्यात जुन्या प्रेसवर जाऊन फोमच्या इयरप्लगचं खोकं ठेवून आलो. कसे घालायचे तेही दाखवलं, कारण नुसते कानाच्या तोंडाशी अडकवून काही उपयोग नाही. बोटात वळून अगदी बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून धरायचं. मशीनवरचा नवीन पोरगा हसला, म्हणाला काका, सवय झालीय आता. काल फोन करून विचारलं किती जोड्या संपल्या. दोन. त्यातली एक मी दाखवायला फोडलेली.