वारुळापाशी थांबणारी माणसं

मागच्या ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात गेलो होतो. मारा नदीच्या काठावर एकेचाळीस गाड्या उभ्या, मीच मोजल्या. सगळ्यांचे डोळे समोर: विल्डबीस्टचा, म्हणजे तिथल्या गुरासारख्या दिसणाऱ्या हरणांचा, कळप पाण्यात उडी कधी घेतो आणि मगर कधी धरते. अडीच तासांनी कळप आला तसा मागे फिरला. "आजचा दिवस फुकट गेला," आमच्या गाडीत कुणीतरी म्हणालं, आणि मला ते फार लागलं.

ही सवय आपल्याला टीव्हीने लावली, असं माझं स्पष्ट मत आहे. ताडोबात वाघ, मारात क्रॉसिंग, बाकी सगळा नुसता मधला रस्ता. पण त्याच केनियात ॲलन आणि जोन रूट या वन्यजीवांवर फिल्म करणाऱ्या जोडप्याने नेमकं उलट करून दाखवलं होतं. ॲलनचा जन्म लंडनचा, १९३७चा, पण तो वाढला केनियात. जोन तर नैरोबीचीच. १९६१मध्ये लग्न झालं आणि पुढची वीसेक वर्षं दोघांनी मिळून फिल्म केल्या.

त्यांच्या एका फिल्मचा नायक आहे चक्क एक झरा. केनियातल्याच त्साव्हो राष्ट्रीय उद्यानातला म्झिमा. च्युलू टेकड्यांच्या लाव्हातून गाळून आलेलं नितळ पाणी, त्यात पाणघोडे, आणि पाण्याखाली कॅमेरा घेऊन हे दोघं. पाणघोडा रात्रभर बाहेर चरतो, दिवसा पाण्यात येऊन शेण टाकतो, आणि त्यावर अख्खा झरा जगतो. त्या शेणावर जगणारे लेबिओ मासे आपल्या रोहूच्याच कुळातले! पुढे याच झऱ्यात पाणघोड्याचा सुळा जोनच्या मास्कमधून आरपार गेला. ती वाचली. ॲलनच्या पायाचा मात्र त्याने लचका तोडला.

दुसऱ्या फिल्मचा नायक एक गोरखचिंच. हेच झाड मुंबईतही आहे, आपण त्याखालून रोज जातो. आणि १९७८ची ती वारुळावरची फिल्म, जी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. वाळवी मातीचा किल्ला बांधते, आत हवा खेळती ठेवते, बुरशीची शेती करते. कोकणात पावसाळ्यात वारुळावर अळंबी येते ना, ती याच कुळातल्या बुरशीची. माझ्या आजीला ती कुठे उगवणार हे आधी कळायचं. त्या फिल्मसमोर बसलो तेव्हा मला सारखी आजी आठवत होती.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. या फिल्मांचं नाव निघालं की ॲलनचं नाव पुढे येतं, जोनचं मागे राहतं. तो २०१७मध्ये गेला तेव्हा जगभर लिहून आलं, आणि ते योग्यच होतं. पण मोहिमेची सगळी बांधाबांध जोनची. थुंकणाऱ्या नागासमोर चष्मा लावून उभी राहिली तीही जोनच, विषाची चिळकांडी कॅमेऱ्यात यावी म्हणून. पुढे नैवाशा सरोवरातल्या बेकायदा मासेमारीविरुद्ध ती स्वतःचे पैसे घालून लढली. जानेवारी २००६मध्ये तिथल्या राहत्या घरात तिला गोळ्या घालून मारलं. ज्या जागेचं चित्रण केलं ती सांभाळायची जबाबदारीही आपलीच, असं तिने मानलं. मला ती ॲलनहून मोठी वाटते.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरदादांना एका वारुळापाशी गाडी थांबवायला सांगितली. "इथे काय आहे?" मागून विचारणा झाली. वीस मिनिटं काहीच नाही. मग एका भोकातून पट्टेरी मुंगसाचं तोंड बाहेर आलं. मग दुसरं. मग एकेक करत अख्खं कुटुंब वर येऊन उन्हात बसलं, आणि गाडीत कुणी निघायचं नाव काढेना.