सरतपासणी ही औपचारिकता नव्हे

आपल्या साक्षीदाराला आपण आधी प्रश्न विचारतो ती सरतपासणी, नंतर समोरचा वकील विचारतो ती उलटतपासणी. नव्या वकिलांमध्ये याबद्दल एक सल्ला सध्या फार फिरतोय: "खटला उलटतपासणीत जिंकतात. आपल्या साक्षीदाराकडून जबाब पाठ करून घ्या, 'हो' एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारा, कच्च्या बाबी झाका, आणि तो बिथरला तर फितूर जाहीर करून मोकळे व्हा." या सल्ल्याची किंमत पक्षकार मोजतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"खटला उलटतपासणीत जिंकतात." समोरचा साक्षीदार मोडला म्हणून आपली बाजू शाबीत होत नाही. ज्याच्यावर सिद्धतेचा भार आहे, त्याला एकेक बाब आपल्याच साक्षीदारांकडून रेकॉर्डवर आणावी लागते. जप्तीच्या पंचाचंच पाहा. त्याने पंचनाम्यावरची सही ओळखली, पण मुद्देमालाचं पाकीट उघडून चाकू त्याला दाखवलाच नाही, लेबलवरची सही विचारली नाही, तर जप्त झालेला चाकू हाच, हे सांगणार कोण? फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर आपल्याला पुन्हा मिळणाऱ्या संधीत, विचारू म्हणाल, तर ती उलटतपासणीत आलेल्या गोष्टींच्या खुलाशापुरती असते. नवी बाब आणायला कोर्टाची परवानगी लागते, आणि ती मिळाली की समोरच्यालाही त्यावर पुन्हा उलटतपास घेता येतो.

"प्रश्नातच उत्तर द्या." सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 146 नुसार (1872 च्या जुन्या पुरावा कायद्यात 141 ते 143) समोरच्याने हरकत घेतली की सरतपासणीत सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न कोर्टाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाहीत. प्रास्ताविक, वाद नसलेल्या किंवा आधीच पुरेशा शाबीत झालेल्या बाबींपुरती ही परवानगी मिळते. वर्की जोसेफ विरुद्ध केरळ राज्य या 1993 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सरकारी वकिलाला मूळ मुद्द्यावर असे प्रश्न विचारू देणं हा आरोपीच्या न्याय्य सुनावणीच्या हक्कावर घाला मानला.

आणि हरकत आली नाही तरी त्या "हो"ला वजन किती? "आरोपीने डोक्यात काठी मारताना तुम्ही पाहिलं ना?" याऐवजी असं विचारून बघा:

"आरडाओरडा ऐकला तेव्हा कुठे होता?"
"ओट्यावर."
"तिथून काय दिसलं?"
"हा काठी घेऊन उभा होता. त्याने डोक्यात घातली."
"उजेड कशाचा होता?"
"खांबावरच्या दिव्याचा."
"काठी मारणारा तुमच्यापासून किती लांब होता?"
"या पिंजऱ्यापासून त्या दारापर्यंत."

आता साक्षीदार बोलतोय आणि न्यायाधीश त्याच्या नजरेने पाहतायत. मात्र इथेच थांबा आणि ते अंतर फुटांत नोंदवून घ्या, कारण अपिलात "त्या दारापर्यंत" म्हणजे किती, हे कुणालाच कळणार नाही. साक्ष बहुतेक वेळा न्यायाधीश स्टेनोला सांगतात तशी कथनरूपात उतरते. म्हणून पुढचा प्रश्न मागचं उत्तर टाईप झाल्यावरच टाकावा. "काय घडलं ते सगळं सांगा" म्हणून खाली बसणंही तितकंच घातक. साक्षीदार भरकटतो आणि नेमकी हवी ती बाब राहून जाते.

"जबाब पाठ करून घ्या." तयारी जरूर करून घ्या. कोर्टात कुणी काय विचारेल, कळलं नाही तर "कळलं नाही" म्हणायचं, हे साक्षीदाराला समजावून सांगणं आपलं कर्तव्यच आहे. पण पोलिसांनी लिहिलेल्या जबाबाची घोकंपट्टी नको. "सदर इसम माझे दिशेने धावून आला" असं कुणी पिंजऱ्यात म्हणालं की तो पढवलेला आहे हे सांगावं लागत नाही. भरवाडा भोगीनभाई विरुद्ध गुजरात राज्य (1983) या निकालात तर कोर्टानेच म्हटलंय की साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी असेल अशी अपेक्षा धरता येत नाही. किरकोळ चुकांना इतकं घाबरायचं कारण नाही.

"कच्च्या बाबी झाका." साक्षीदार मयताचा भाऊ आहे, जुनं बांधाचं भांडण आहे, फिर्याद उशिरा दिली आहे, हे समोरच्याला माहीत असतंच. ते आपणच विचारावं, खुलाशासकट. "फिर्याद द्यायला दुसरा दिवस का उजाडला?" "जखमीला घेऊन रात्रभर दवाखान्यात होतो." हेच उत्तर उलटतपासणीत खुलासा करायची संधी न मिळता अर्धवट आलं, तर लपवल्यासारखं दिसतं.

"फितूर जाहीर करा." आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीतले प्रश्न विचारायची परवानगी (साक्ष्य अधिनियमाचं कलम 157) कोर्टाच्या मर्जीवर असते. आधी तो विसरलाय का, घाबरलाय का, हे पाहा. त्याने स्वतः त्या वेळी लिहून ठेवलेलं काही असेल, तर कलम 162 खाली ते पाहून स्मृती ताजी करता येते. फितूर ठरला तरी त्याची साक्ष पूर्ण पुसली जात नाही, हे सतपाल विरुद्ध दिल्ली प्रशासन (1976) पासून पक्कं आहे. म्हणून त्याआधी त्याने जे आपल्या बाजूचं सांगितलंय ते जपा.

राहिला दिवाणी दावा. "तिथे सरतपासणी शपथपत्रावर होते, मग विचारायचंच काय?" दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18 नियम 4 मधला हा बदल 2002 पासून लागू आहे. पण दाव्यातले परिच्छेद जसेच्या तसे शपथपत्रात उतरवले, की "चतुःसीमा म्हणजे काय?" (मिळकतीच्या चारी बाजूंच्या हद्दी) या पहिल्याच प्रश्नाला वादी गप्प होतो. शपथपत्र त्याच्याशी बोलून, त्याच्या शब्दांत लिहा आणि सही घेण्याआधी वाचून दाखवा. सोबत जोडलेले दस्तऐवज आपोआप शाबीत होत नाहीत, त्यावर कोर्टाचा आदेश लागतो. तेव्हा खरेदीखत कोणासमोर झालं, सही कोणाची, ती ओळखता कशी, हे त्याच शपथपत्रात आलं पाहिजे.